घरच्या कॅसेटी आणि डीव्हीडी रेकॉर्डर
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय मला दिला तेव्हा काही जणींनी नाके मुरडली, हे माझ्या कानांवर आले आहे. यंत्रांच्या गोष्टी पुरुषमंडळींनी पाहाव्यात, आपण लोणची-मुरांब्यांवर बोलावे, असे त्यांचे म्हणणे. माझे उत्तर असे की, आजचा विषयही साठवणीचाच आहे. बरणीला बुरशी आली तर आपण घरातल्या पुरुषांची वाट पाहत बसत नाही.

आपल्या मंडळाच्या कपाटात खालच्या कप्प्यात दोन व्हिडिओ कॅसेटी आहेत. १९९४ सालच्या रौप्यमहोत्सवाच्या. मंडळ ज्यांनी उभे केले त्या बायका त्यांत बोलताना, गाताना, पंगतीत आग्रह करताना दिसतात. त्यांच्यापैकी आज फार थोड्या उरल्या आहेत. त्या कॅसेटी कित्येक वर्षांत कोणी लावलेल्या नाहीत, कारण लावायला यंत्रच नाही. आणि तुमच्या घरी? लग्न, मुंज, डोहाळजेवण, सासऱ्यांची साठीशांत अशा दोन-चार कॅसेटी तरी माळ्यावर किंवा दिवाणात निघतीलच. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर आपल्याकडे रंगीत टी.व्ही. व त्यामागून व्ही.सी.आर. घरोघर आले, आणि मग लग्नात फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवाला दिसू लागला. तेव्हापासून पंचवीसएक वर्षांचे आपले सारे सणसमारंभ या काळ्या फितीवर आहेत.

ही फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर लोहचुंबकी पुडीचा थर असतो, आणि चित्र त्या थरात असते. व्ही.सी.आर.मध्ये एक ढोलके सेकंदाला पंचवीस फेरे घेत फिरते व फितीवरून चित्र वाचते. वर्षे गेली की थर सैल होतो, चुंबकी खूण फिकी पडते, आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहा; गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट कुतूहलाने यंत्रात घालू नका. ती स्वतः तर फाटेलच, शिवाय यंत्राची डोकी माखतील आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडेल. ती वेगळ्या पिशवीत घालून जाणत्या माणसाकडे साफ करावयास द्यावी. दमेकरी माणसाने तर तिला हातच लावू नये.

दुसरी अडचण यंत्राची. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्ही.सी.आर. करणे थांबवले. व्ही.सी.आर. करणारी तीच शेवटची प्रसिद्ध कंपनी होती. म्हणजे आज जे चालू व्ही.सी.आर. आहेत, ते बंद पडेपर्यंतचाच आपला अवधी. कुणाच्या घरी चालू स्थितीतला असेल तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका, आधी मंडळाला कळवा.

आता रेकॉर्डरकडे येते. आपण सिनेमे लावीत असू तो डीव्हीडी प्लेअर नुसता वाचतो; रेकॉर्डर तबकडीवर लिहितोही. जपानात पायोनियर कंपनीने १९९९ च्या अखेरीस पहिला घरगुती रेकॉर्डर विक्रीस काढला, आणि पुढची दहाएक वर्षे या यंत्रांची चलती होती. आपल्याकडे दुकानातून नवा मिळणे आता बंदच झाल्यासारखे आहे. म्हणून घ्यावयाचा तो जुना, आणि जुनी वस्तू पारखून घेण्यात आपण कुणाला हार जाणार नाही.

तरी पारखावयाचे काय, ते सांगते. पहिले म्हणजे रिमोट. रिमोटवाचून यंत्र स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, कारण तबकडी पक्की करण्याची आज्ञा बहुतेक यंत्रांत रिमोटवरूनच देता येते. दुसरे, यंत्र तबकडी वाचते एवढ्यावर समाधान मानू नका. लिहिणारा किरण वाचणाऱ्याच्या आधी थकतो. जाताना एक कोरी तबकडी आणि एक कॅसेट बरोबर न्यावी, दहा मिनिटे रेकॉर्ड करून घ्यावे, आणि ती तबकडी घरी आणून दुसऱ्याच प्लेअरमध्ये लावून पाहावी. विकणारा "नंतर पाहा" म्हणाला तर त्याला नमस्कार करावा.

तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या मुलांसंबंधी. "आई, इथे जुना रेकॉर्डर फुकट मिळतो, घेऊन येतो," असे पुष्कळांची मुले म्हणतील. त्यांना नको म्हणून सांगा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आणि चित्राची पद्धतही निराळी. आपल्याकडची पद्धत पाल, तिकडची एन.टी.एस.सी. आपल्या व्ही.सी.आर.मधून येणारे चित्र तिकडच्या यंत्राला बहुधा घेता येत नाही. दुबईहून आलेली यंत्रे मात्र बहुतेक आपल्या पद्धतीची असतात.

व्ही.सी.आर., डीव्हीडी आणि हार्ड डिस्क अशी तिन्ही एकाच पेटीत असलेली यंत्रेही निघत असत. दिसावयास सोयीची. पण माझे मत वेगवेगळी घ्यावीत असेच आहे. एकाचे दुखणे निघाले तर तिघे दवाखान्यात जायला नकोत. हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर मिळाला तर मात्र उत्तम. तिच्यावर आधी सगळे उतरवून, नको तेवढे कापून, मग तबकडी करता येते. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० व ईएस१५ हे साधेच रेकॉर्डर, पण जुन्या फितीचे थरथरणारे चित्र स्थिर करण्याबद्दल जाणकारांत त्यांचे नाव आहे. जुन्या बाजारात दिसले तर सोडू नका.

जोडणी अगदी सोपी. व्ही.सी.आर.च्या मागून पिवळी, पांढरी व लाल अशा तीन वायरी रेकॉर्डरच्या त्याच रंगांच्या भोकांत घालावयाच्या. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. जुन्या व्ही.सी.आर.ला आवाजाचे एकच भोक असेल तर आवाज एकाच बाजूने येईल. एकाची दोन टोके करणारी वायर थोडक्या पैशांत मिळते. रेकॉर्डरमध्ये टी.व्ही.चे कार्यक्रम पकडण्याची जी सोय होती तिचा आता उपयोग नाही. मुंबईत २०१२ च्या अखेरीस जुनी केबल बंद होऊन सेट-टॉप बॉक्स आले, तेव्हाच ती संपली. आपल्याला तिची गरजही नाही.

तबकड्यांच्या नावांचा घोटाळा मनावर घेऊ नये. मध्ये उणे असलेली आर आणि अधिक असलेली आर अशा दोन जाती आहेत. यंत्राच्या पुस्तकात जी सांगितली असेल ती आणावी. आर तबकडीवर एकदाच लिहिता येते, आरडब्ल्यूवर पुसून पुन्हा. सराव आरडब्ल्यूवर करावा आणि जतन आरवर.

एका तबकडीवर एक तास, दोन तास, चार तास, सहा तास असे हवे तसे भरता येते. येथे काटकसर अंगाशी येते. जितके जास्त तास कोंबाल तितके चित्र फाटते. चार तासांच्या वेगाने उतरवलेल्या एका लग्नात मंगलाष्टके चालू असताना अक्षता उडाल्या की सबंध मांडवाचे चौकोन चौकोन होतात. वधू कोणती आणि करवली कोणती हे कळेना. दोन तासांच्या वर जाऊ नका. तीन तासांची कॅसेट असेल तर दोन तबकड्या कराव्यात.

रेकॉर्डिंग संपले की तबकडी फायनलाइज करावी लागते. म्हणजे यंत्र तिच्यावर अनुक्रमणिका लिहून ती बंद करते. हे केले नाही तर तुमच्या यंत्रात ती चालेल, पण लेकीच्या घरी चालणार नाही. या कामास काही मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांत वीज गेली तर तबकडी फुकट गेली समजा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी यंत्र त्यावर लावावे.

सर्वांत आधी मात्र एक काम. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा दात असतो, तो स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकावा. दात मोडला की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. माझ्या माहितीच्या एका घरी सासूबाईंच्या पंचाहत्तरीवर १९९६ च्या विश्वचषकातला क्रिकेटचा सामना चढला आहे. औक्षणाचे तबक वर उचलले जाते, आणि पुढे एकदम गोलंदाज धावत येतो. घरात त्यावर अजून अबोला आहे.

काही जणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, स्टुडिओत द्यावे. घरी एक-दोनच कॅसेटी असतील तर अवश्य द्या. कॉम्प्युटरला जोडावयाचे लहान यंत्रही मिळते, ज्यांची नातवंडे हाताशी आहेत त्यांनी ते वापरावे. पण यात एक गोष्ट आहे, जी स्टुडिओतला मुलगा करू शकत नाही आणि नातवंडेही करू शकत नाहीत, आणि तिच्यासाठीच मी आज उभी आहे.

फीत तबकडीवर उतरायला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते. त्या तीन तासांत यंत्रासमोर कुणी बसलेच पाहिजे असे नाही; पण तुम्ही बसा, हातात वही घेऊन बसा, आणि शेजारी घरातली सर्वांत वडील बाई बसवा. पडद्यावर पंगत चालली आहे. हिरव्या नऊवारीतली ती वाढणारी कोण? "ही आमची आत्ये, पोहे हिच्याच हातचे." खांबाशी उभी असलेली ती दोन वेण्यांची मुलगी कोण? उखाणा घेताना मागून हसू ऐकू येते, ते कुणाचे? चित्र तबकडी ठेवील. नाव ठेवणार नाही. आमच्या जाऊबाईंच्या लग्नाची तबकडी मोठ्या सुबकपणे करून आणली आहे, आणि तिच्यातली निम्मी माणसे घरात आज कुणालाच ओळखता येत नाहीत, कारण ज्यांना ओळखता आली असती त्या मामंजींच्या बहिणी तबकडी होण्याच्या आधीच गेल्या.

म्हणून वहीत डावीकडे घड्याळाची वेळ लिहावी आणि उजवीकडे नावे. "एक तास बारा मिनिटे, पाणी वाढणारा मुलगा, गोव्याच्या काकूंचा धाकटा." एवढे पुरे. तबकडीवर मऊ शाईच्या पेनाने वहीतला अंक घालावा. बॉलपेनने कोरू नये आणि कागदाची चिठ्ठीही डकवू नये. तबकडी उन्हात ठेवू नये, ऊन तिच्या रंगद्रव्याला खाते. प्रत्येकीच्या दोन प्रती करून एक दुसऱ्या गावी पाठवावी. तबकडीही अमर नाही, तेव्हा कुणाकडून तरी ती कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरही उतरवून घ्यावी. मूळ कॅसेट टाकून देऊ नये. उभी ठेवावी, पुस्तकासारखी.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या कॅसेटींवर वेळ घालवू नका. रेकॉर्डर बहुधा त्या घेणारच नाही, आणि ते सिनेमे तुमच्या आत्येशिवायही टिकतील.

माझी सूचना अशी आहे की, मंडळाने वार्षिक निधीतून एक चांगला जुना रेकॉर्डर व जमल्यास एक व्ही.सी.आर. घ्यावा, तो मंडळाच्या खोलीतच राहावा, आणि सभासदांनी आपापल्या कॅसेटी घेऊन पाळीने यावे. आरंभ आपल्या रौप्यमहोत्सवाने करावा. त्या दोन कॅसेटींपैकी एकीवर कडेला पांढरे दिसते आहे, ती आधी साफ होऊन आली पाहिजे. दुसरी स्वच्छ आहे. १९९४ साली ज्या कार्यकारिणीत होत्या अशा चार भगिनी आज या सभेत पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना दुपारी कोणत्या वारी सवड असते तेवढे त्यांनी जाण्यापूर्वी चिटणीसबाईंना सांगावे. वही मी आणते.