करारावर सही कोणाची?

बारावीचा निकाल लागला, की हॉटेल मॅनेजमेंटला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी चर्चेला तोंड फुटतं. आधी इथल्या कॉलेजांची नावं निघतात. दादरचं केटरिंग कॉलेज 1954 सालचं, या विषयातलं देशातलं पहिलं. मग पुणं, गोवा. त्यानंतर विषय परदेशावर जातो आणि बहुधा स्वित्झर्लंडपाशी पोहोचतो. लोझानची हॉटेल-शाळा 1893 पासून चालू आहे आणि तिचा लौकिक खरा आहे. पण तिथला खर्च साध्या नोकरदाराला झेपणारा नाही. मग कोणीतरी त्याहून स्वस्त देश, स्वस्त कॉलेज सुचवतं, ‘पगारी इंटर्नशिप’चं आश्वासन देतं, आणि आईवडील घर गहाण ठेवायच्या विचारात पडतात.

त्या आईवडिलांना आज मला जर्मनीतल्या एका वाटेची माहिती द्यायची आहे. तिथे हॉटेलचं काम शिकायचं असेल तर मुलाला कॉलेजात नाव घालावं लागत नाही. तो थेट हॉटेलशी करार करतो. बराचसा वेळ हॉटेलात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि उरलेला सरकारी व्यवसाय-शाळेत वर्गात बसायचं. कुठे आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळेचा असतो, तर कुठे सलग काही आठवडे वसतिगृहात राहून शाळा करायची असते. या पद्धतीला तिथे आउसबिल्डुंग म्हणतात. हॉटेलचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, स्वयंपाक्याचाही तीन वर्षांचा. शेवटी परीक्षा घेतं ते त्या भागातलं उद्योग आणि व्यापार मंडळ, ज्याचा आद्याक्षरी उल्लेख आयएचके असा होतो. त्या मंडळाचं प्रमाणपत्र जर्मनीभर चालतं.

यात फी नाही. उलट शिकणाऱ्यालाच दरमहा भत्ता मिळतो. कायद्याने ठरवलेली किमान रक्कम 2025 मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षी 682 युरो होती, आणि पुढच्या दोन वर्षांत ती वाढत जाते. जिथे कामगार संघटनेचा करार लागू आहे, तिथे बहुधा याहून जास्त मिळतं. पण हे ऐकून हुरळून जाऊ नका. या रकमेतून विम्याचे पैसे कापले जातात आणि मोठ्या शहरात खोलीचं भाडंच निम्म्याहून अधिक खाऊन टाकतं. भत्ता अपुरा असेल तर बाकीची सोय कशी करणार, हे व्हिसाच्या वेळी दाखवावं लागतं. म्हणून हॉटेल राहायला खोली देतं का, दिली तर भाडं किती, जेवण धरलेलं आहे का, शाळेच्या वसतिगृहाचा खर्च कोणाकडे, हे सगळं सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

तीन वर्षांत काय शिकवतात? 2022 च्या ऑगस्टपासून तिथे हॉटेल-व्यवसायाचे सुधारलेले अभ्यासक्रम लागू झाले. हाउसकीपिंग, रेस्टॉरंटमधली सर्व्हिस, किचन, फ्रंट ऑफिस, रिझर्व्हेशन, खोल्यांचे दर ठरवणं, विक्री, असं सगळं त्यात येतं. सुरुवात बहुतेक ठिकाणी खालून होते. चादर ताणून पलंग लावणं, बाथरूम स्वच्छ करणं, ग्लास पुसणं, पहाटे नाश्त्याचं बुफे मांडणं. आपल्याकडच्या काही घरांत हे ऐकून कपाळाला आठ्या पडतात. मला त्या आठ्या बघवत नाहीत. एक खोली नीट तयार व्हायला किती वेळ लागतो हे ज्याने हातांनी अनुभवलेलं नाही, तो उद्या मॅनेजर झाल्यावर खोल्या लावणाऱ्या बायकांकडून दिवसाला किती खोल्यांची अपेक्षा धरेल? रूम अटेंडंटची पाठ का दुखते, हे त्याला कळायला नको का? जर्मन पद्धतीचं मोठेपण मला इथे दिसतं. तिथे हे काम शिक्षेसारखं दिलं जात नाही, ते परीक्षेचा भाग असतं.

शिकाऊ उमेदवाराला रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी लागते. काय शिकलो, कोणत्या विभागात होतो, हे त्यात लिहायचं आणि शिकवणाऱ्याची सही घ्यायची. ही वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. हॉटेलने तीन वर्षं नुसतं भांडी घासायला लावलं, तर ते या वहीत उघडं पडतं. म्हणून ती प्रामाणिकपणे लिहा, ‘नंतर भरू’ म्हणून ठेवू नका.

आता कठीण बाजू. जर्मनीत एकूण सगळ्या व्यवसायांचा विचार केला, तर शिक्षणाचा करार मध्येच तुटण्याचं प्रमाण स्वयंपाकी आणि रेस्टॉरंट सेवेत फार वरचं आहे. शनिवार-रविवारची ड्यूटी, सणांच्या दिवशी काम, लहान गावातलं एकटेपण, हिवाळ्यातला चार वाजताचा अंधार. किचनमध्ये डुकराचं आणि गाईचं मांस हाताळावं लागतं, चाखावंही लागतं. सर्व्हिसमध्ये वाइन समजून घ्यावी लागते. घरात शाकाहार असेल तर मुलाने याचा निर्णय इथेच, आईवडिलांसमोर बसून घ्यावा. तिथे गेल्यावर परीक्षेच्या टेबलाशी तो घेता येत नाही. करार तुटलाच आणि त्यात मुलाची चूक नसेल, तर दुसरं हॉटेल शोधायला कायदा सहा महिन्यांपर्यंत मुदत देतो. हे मुलाला माहीत असलं पाहिजे, म्हणजे तो घाबरून अन्याय सोसत राहणार नाही.

आणि भाषा. साधारणपणे बी-1 पातळीची जर्मन लागते. मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, इतरही चांगले वर्ग आहेत. त्यासाठी एक वर्ष हातात ठेवावं असं मी सांगेन. प्रमाणपत्रापुरती जर्मन पुरणार नाही. शाळेतले धडे जर्मनमध्ये, परीक्षा जर्मनमध्ये, आणि बाडेन-वुर्टेम्बर्गसारख्या राज्यात पाहुणा त्याच्या बोलीत तक्रार करणार. त्या राज्याशी आपला संबंध जुना आहे. त्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने त्या राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला, त्यात हॉटेलातली कामंही आहेत. ती योजना नोकरीसाठी आहे, आउसबिल्डुंग हे शिक्षण आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याच कामाची नोकरी मिळाली की राहण्याचा परवाना मिळतो. नोकरी शोधायला दीड वर्षापर्यंतचा अवधी मिळू शकतो. तिथेच शिकलेल्या माणसाला दोन वर्षं नोकरी केल्यावर इतर अटी पुऱ्या झाल्या तर कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो.

या सगळ्यात माझा जीव अडकतो तो एका ठिकाणी. मुलं एजंटच्या कागदावर सही करून येतात आणि त्यालाच करार समजतात. खऱ्या करारावर हॉटेलची सही असते. त्यात कालावधी, कामाचे तास, भत्ता, रजा, परीक्षण-काळ आणि शिक्षणाचा आराखडा लिहिलेला असतो, आणि तो आयएचकेकडे नोंदवला जातो. परीक्षण-काळ चार महिन्यांहून जास्त असू शकत नाही. शिकवण्याच्या मोबदल्यात हॉटेलला उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. तसं कलम घातलं तरी कायद्याने ते रद्द ठरतं. मध्यस्थाने त्याच्या सेवेचे पैसे मागितले तर कशाकशाचे, ते वेगवेगळं लिहून मागा.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. लाखाची रक्कम कोणाच्या हातात ठेवण्याआधी तो करार पाहायला मागा. त्यावर हॉटेलचं नाव आणि पत्ता वाचा, त्या भागातल्या आयएचकेला ईमेल करून हे हॉटेल शिकाऊ उमेदवार घेतं का, हे विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मुलांनो, तुम्ही तोवर जर्मनच्या वर्गात नाव घाला.