मुलाचा दिवस आणि शाळेची नजर



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून आपले राज्य हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी आपण प्रवेशाचा गौरव करतो. प्रवेशानंतर वर्गात काय घडले, त्याविषयी फारसे बोलत नाही. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरात वाचन होते, अभ्यासाची शिस्त होती. निव्वळ पैशाच्या मापाने पाहिले तर साताऱ्यात याहून कितीतरी गरीब घरे होती. तरीही या मुलाला घरून नेलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर बसावे लागे, आणि नळ उघडायला शिपाई नसला तर तहान लागूनही पाणी मिळत नसे. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. मुलाच्या वाढीवर वर्ग आणि जात निरनिराळ्या वाटांनी परिणाम करतात, असे माझे म्हणणे आहे. घरची आर्थिक स्थिती मुलाचा दिवस ठरवते: तो किती वाजता उठतो, काय खातो, धाकट्या भावंडाला कोण सांभाळते, संध्याकाळी त्याच्या वाट्याला दिवा येतो की नाही. जात ठरवते त्याच्याकडे पाहणारी नजर. शिक्षणाची आपली बहुतेक धोरणे पहिल्या गोष्टीचा अर्धामुर्धा इलाज करतात आणि दुसरी आपोआप मिटेल असे गृहीत धरतात.

या दोन वाटा वेगळ्या आहेत याचा पुरावा आटपाडी तालुक्यात आहे. १९८३ च्या अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच पुढच्या वर्षी जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात, दोघेही याच दुष्काळी माणदेशातले. गरिबी दोन्ही घरांत होती. माडगूळकरांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले. परंतु वडील औंध संस्थानात कारकून होते, पोथी-पुराण घरातले होते, आणि घरात बोलली जाणारी भाषा शाळेतल्या पुस्तकाच्या जवळची होती. खरातांचे वडील गावकीची कामे करणारे तराळ. त्या घरातही गोष्टी होत्या, गाणी होती, माणसांची आणि रानाची बारीक पारख होती. शाळेने मात्र एका घरातून आलेल्या शिदोरीला संस्कार म्हटले आणि दुसऱ्या घरातल्या शिदोरीची दखलच घेतली नाही. खरातांना दारिद्र्याशी झगडावे लागलेच, शिवाय त्या नजरेशीही. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना हे दुसरे ओझे पानोपानी जाणवते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो: आता शाळेत जात राहिलेली नाही, उरली आहे ती फक्त गरिबी. गोणपाट गेले, पाण्याची टाकी एक झाली, हे खरे आहे आणि ते थोडेथोडके नाही. पण नजर अशी सहज मोजता येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात कोणती हे जाहीर नव्हते तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. मिश्र गटात प्रत्येकाची जात मोठ्याने जाहीर केली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच, खोलीत गरिबीही तेवढीच. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात जातवार नावे पुकारली जातात तेव्हा त्या मुलांवर काय परिणाम होतो, याचे उत्तर या प्रयोगात आहे. शिष्यवृत्ती हवीच. ती देण्याची रीत मात्र मुलाच्या बुद्धीवर घाला घालणारी असता कामा नये.

दिवस आणि नजर, दोन्ही एकाच छताखाली बदलता येतात हे याच मातीत सिद्ध झाले आहे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उघडले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. मुलांच्या पोटात अन्न जावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, हे आपण आदराने सांगतो. या त्यागाइतकीच त्या वसतिगृहाची घडणही पाहण्यासारखी आहे. जेवण, झोपायला जागा, अभ्यासाची वेळ आणि सोबत मिळाली म्हणजे मुलाचा सगळा दिवस पालटला. एकच स्वयंपाकघर, एकच पंगत आणि सर्वांना सारखे श्रम यांमुळे मुलांनी एकमेकांकडे पाहण्याची रीत पालटली. गरीब मुलांना राबवून शिकवणे न्याय्य होते का, असे आज विचारले जाते. श्रम फक्त खालच्या जातींच्या मुलांवर लादले असते तर तो अन्यायच ठरला असता. इथे मराठा, जैन, मुसलमान आणि महार मुले एकाच कामाला जुंपलेली होती. फी माफ करणारी योजना आणि ही घडण यांत मोठे अंतर आहे, आणि पुढे योजना आखताना आपण ते विसरलो.

आज हे अंतर सर्वांत उघडे पडते ते उसाच्या फडात. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत. त्यांची मुले परमुलखात शिकतात, तिथली भाषा उचलतात, आणि आपण कौतुकाने म्हणतो, पोरगा चार भाषा बोलतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून कृष्णाकाठी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतली बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. स्थलांतर त्यांचेही आहे, भाषा त्यांच्याही दोन आहेत. पण कोपीत राहणारे, आईबाप फडात असताना धाकट्याला सांभाळणारे, वाढ्याच्या पेंढ्या बांधणारे ते मूल आपल्या नोंदीत शाळाबाह्य असते. जत तालुक्यात कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत, कारण त्या समाजाचे गाव स्थिर आहे, त्याचा आवाज पोहोचतो. टोळीतल्या मुलाची भाषा ऐकणारा वर्ग अजून उघडायचा आहे. प्रमाण मराठी सर्वांना यायलाच हवी, याविषयी माझे दुमत नाही. ती शाळेने शिकवायची गोष्ट आहे. मुलाने ती घरून घेऊन यावी ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे.

काही जण अण्णाभाऊ साठ्यांकडे बोट दाखवतात. वाटेगावचा हा मुलगा शाळेत जेमतेम दीड दिवस गेला आणि ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहून गेला, अंगात असेल तर माणूस वर येतोच, असा त्यामागचा तर्क. ज्या मांग समाजाला इंग्रजी कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, त्या समाजातली बाकीची मुले कुठे गेली, हे हा तर्क विचारत नाही. अण्णाभाऊंच्या प्रतिभेने एवढेच सिद्ध होते की शाळेने दाराबाहेर ठेवलेल्यांत बुद्धीची वाण नव्हती. ताजा पुरावाही तेच सांगतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एस्थर डफ्लो, अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. ही मुले गिऱ्हाइकाचे किचकट हिशेब तोंडी करतात आणि पुस्तकी मांडणीतल्या साध्या गणिताला अडतात. शाळेत जाणाऱ्या मुलांची अडचण याच्या नेमकी उलट. उचल, खेपा आणि टनांचे हिशेब रोज कानावर पडणारे फडातले मूल गणितात कच्चे ठरते, तेव्हा त्याच्या हिशेबापर्यंत आपले पुस्तक का पोहोचत नाही हे आधी तपासले पाहिजे.

शिक्षकांवर आणखी किती भार टाकणार, असे तुम्ही म्हणाल, आणि ते रास्त आहे. म्हणून माझी पहिली मागणी शिक्षकांकडे नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते, हे त्यात स्पष्ट आहे. मुकादमांशी करार करताना कोणत्या गटात किती कोयते, म्हणजे ऊसतोड जोड्या, उतरणार, याचा अंदाज साखर कारखान्यांना महिने आधी असतो. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निमंत्रणपत्रिका निघतात, त्याच आठवड्यात प्रत्येक कारखान्याच्या गट कार्यालयाने येणाऱ्या टोळ्यांतल्या मुलांची वयासह यादी जवळच्या अंगणवाडीला आणि जिल्हा परिषद शाळेला द्यावी, फडापासून शाळेपर्यंत गाडी द्यावी, आणि हंगामभर त्या शाळेत त्या मुलांची भाषा जाणणारा एक जादा शिक्षक जिल्हा परिषदेने नेमावा. येत्या गळीत हंगामाआधी हा ठराव सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांपुढे ठेवावा, अशी सूचना मी या व्यासपीठावरून मांडतो.