तीन दिवसांच्या कोर्सविरुद्ध



अध्यक्षाने आपल्या भाषणात सगळ्या विषयांवरून एकदा हात फिरवावा, अशी रीत आहे. ती मोडून मी एकाच आजारावर बोलणार आहे. कोवळ्या वासरांच्या सांध्यांत होणारा जंतुसंसर्ग, ज्याला आपण जॉइंट इल म्हणतो, तो हा आजार. प्रतिजैविकाची तीन दिवस इंजेक्शने, जोडीला वेदनाशामक, आणि मग ‘फरक पडला तर कळवा’ ही आपली पशुवैद्यकांची रूढ पद्धत या आजारात वारंवार हरते. दरवेळी दोष औषधाच्या नावावर टाकून आपण पुढचे, अधिक महागडे औषध काढतो. औषध बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण सांध्याच्या आत काय चालले आहे याचा हिशेबच त्या तीन दिवसांत धरलेला नसतो.

तो हिशेब असा. गाईम्हशींच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत, त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. चीक वेळेवर पोटात गेला नाही, तर ओल्या नाळेतून किंवा आतड्यातून शिरलेल्या जंतूंना रक्तात अडवणारे फारसे कोणी उरत नाही. नाळेतली शीर थेट यकृताकडे जाते, हेही विसरू नये. रक्तातून फिरणारे जंतू सांध्यात थांबतात, कारण सांध्याच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि त्याखाली जंतूंना रोखणारे आधारपटल नसते. पुढचा गुडघा, हॉक, स्टायफल, फेटलॉक हे नेहमीचे बळी. इथवर सगळ्यांना पाठ आहे. नंतरचा भाग मात्र आपण घाईत विसरतो. गोवंशाच्या सांध्यात संसर्ग झाला की फायब्रिन भराभर साचते. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि जंतू त्यांत दडून बसतात. इंजेक्शनातले औषध सांध्याच्या द्रवात पोहोचते, पण गुठळीच्या पोटात पुरेसे शिरत नाही. दरम्यान पुवातल्या पांढऱ्या पेशींची विकरे कूर्चा झिजवत राहतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. म्हणजे ‘फरक पडतो का बघू’ म्हणत घालवलेले दिवस वासराच्या पायातून वजा होत असतात.

म्हणून सुजलेला, गरम, दुखरा सांधा आणि लंगडणारे वासरू दिसले की पहिल्याच भेटीत सुई सांध्यात गेली पाहिजे. केस काढून, जागा नीट निर्जंतुक करून. निरोगी सांध्याचा द्रव स्वच्छ, फिकट पिवळसर आणि तार धरणारा असतो. तो गढूळ, पातळ निघाला, त्यातली प्रथिने डेसिलिटरला साडेचार ग्रॅमच्या वर आणि पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला 25,000 च्या वर असल्या, तर संसर्गाबद्दल शंका धरायचे कारण उरत नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधीच नमुना घ्यावा. ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकाय, ट्रूपेरेला पायोजेनिस, साल्मोनेला, मायकोप्लाझ्मा बोव्हिस अशी संशयितांची यादी मोठी आहे, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन कितीही दिले तरी त्याचे काही बिघडत नाही. त्यानंतर धुणे. भूल देऊन सांध्याच्या दोन बाजूंनी जाड सुया घालाव्यात आणि निर्जंतुक रिंगर लॅक्टेट, निदान एक लिटर, एकीकडून आत व दुसरीकडून बाहेर असे निवळ येईपर्यंत सोडावे. गरज पडल्यास एक-दोन दिवसांनी पुन्हा. गुठळ्यांनी सुई तुंबत असेल तर सांधा उघडून त्या काढाव्या लागतात. प्रतिजैविक दोन ते तीन आठवडे. वेदनाशामकात मेलॉक्सिकॅम बरे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर गिधाडांपायी 2006 पासून आणि किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅकवर 2023 पासून बंदी आहे, तरी ही नावे अजून काहींच्या हाताच्या सवयीत आहेत.

हे सगळे गोठ्यात जमणार कसे, असा पहिला आक्षेप येईल. तो खरा आहे, पण अर्धाच. सांधा उघडण्याची शस्त्रक्रिया गोठ्यात करू नये, हे मान्य. सुईने धुण्यासाठी लागणारे सामान मात्र तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात असते. अडचण सामानाची कमी आणि सांध्यात सुई घालण्याच्या धास्तीची जास्त आहे, आणि ती धास्ती महाविद्यालयात हात बसला तर जाते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: कालवडीसाठी शेतकरी खर्च करील, गोऱ्ह्यासाठी किंवा रेडकासाठी का करील? या प्रश्नावर नीतीची प्रवचने देऊन उपयोग नाही. पण खर्चाची तुलना आपण चुकीच्या दोन गोष्टींत करतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी एक सांधा धुण्याचा खर्च आणि ‘काहीच न करणे’ अशी ती तुलना नसते. प्रत्यक्षात समोर असतात तीन कोर्स, तीन भेटी, अधूनमधून गावठी डाग किंवा बिब्बा, आणि शेवटी उभे न राहणारे वासरू. वेळेवर केलेला उपचार बहुधा यापेक्षा स्वस्तच पडतो.

तिसरी शंका आजच्या काळाची. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत असताना मी तीन आठवड्यांचा कोर्स सांगतो, हे उलटे नाही का? मला तसे वाटत नाही. नमुना तपासून निवडलेले एक औषध पुरेसे दिवस देणे, आणि अंदाजाने निवडलेली चार औषधे तीन-तीन दिवस फिरवत राहणे, यांत जंतूंना निगरगट्ट करणारी दुसरी रीत आहे. शिवाय धुतलेल्या सांध्यात जंतूंचा भार कमी झालेला असतो, म्हणून औषधाला काम सोपे जाते.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा आजार होऊच देऊ नये. कबूल. पण तिथेही आपण नेमके बोलत नाही. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, ही समजूत महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांत अजून टिकून आहे. जार सुटायला बारा तासही लागू शकतात. आतड्याची प्रतिपिंडे शोषण्याची क्षमता पहिल्या सहा तासांनंतर झपाट्याने उतरते आणि चोवीस तासांत जवळजवळ बंद होते. वासरू आचळाला लुचले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते आणि ते गर्भाशयाच्या आकुंचनाला मदतच करते, म्हणजे जारेच्या भीतीने चीक रोखण्यात दोन्हीकडून तोटा आहे. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, चीक पहिल्या दिवशी मिळावा आणि त्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांत. खरवस करण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो उरलेल्या चिकाचा व्हावा. नाळ आयोडिनमध्ये बुडवण्याचा सल्ला आपण चिकापेक्षा अधिक उत्साहाने देतो. तो जरूर द्यावा, पण चिकामागे जितका भक्कम पुरावा आहे तितका त्यामागे नाही, आणि ओल्या शेणात विणाऱ्या गाईच्या गोठ्यात आयोडिनची बाटली एकटी फार काही करू शकत नाही.

तरीही काही वासरे आपल्याकडे उशिराच येणार. तीन-चार सांधे सुजलेले, अंग खंगलेले, क्ष-किरणात हाड कुरतडल्याच्या खुणा. अशा वेळी मालकाला बरे होण्याची आशा दाखवणे हा दिलासा नसून फसवणूक आहे, आणि वेदनारहित मरणाचा पर्याय स्पष्ट शब्दांत त्याच्यासमोर ठेवणे हे आपले काम आहे. मात्र पहिल्या आठवड्यात क्ष-किरण निर्दोष दिसला म्हणून हाड सुरक्षित आहे असेही मानू नये. हाडातले बदल दिसायला बहुधा दोनेक आठवडे जातात. आणखी एक. सांधा धुऊन, औषध बरोबर निवडूनही वासरू पुन्हा लंगडू लागले, तर पुढचे औषध लिहिण्याआधी त्याला आडवे करून बेंबी खोलवर चाचपावी. आत गळू राहिले असेल तर तिथून जंतूंचा पुरवठा चालूच राहतो, आणि ते शस्त्रक्रियेने काढावे लागते. दुपारच्या सत्रात याच शस्त्रक्रियेवर चर्चा व्हावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.