तलावांतलें बाईला काय कळतें?



जाळें पुरुषाचें, टोपली बाईची, ही ढिवरांची जुनी वांटणी. मासळी गांवोगांव विकावी बाईनें, पण तलावाविषयीं बोलावें पुरुषानें! "बाईला काय कळतें?" हें आम्हीहि लहानपणापासून ऐकत आलों.

गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील निमगांवच्या शालूबाई कोल्हे यांनीं याचें उत्तर हातानें दिलें. कोहळ्यांनीं बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरमाचीं झाडें माजलीं होतीं. बाहेरच्या माशांचें बीज सोडल्यापासून गांवठी मासा आटला होता. शालूबाईंनीं ढिवर बाया जमविल्या, ग्रामसभेंत आणल्या. बायांनीं बेशरम उपटलें. उन्हाळ्यांत तलावाच्या तळावर नांगर फिरवून पावसाळ्यांत पाणवनस्पति लावल्या. कारण गांवठी मासा अंडीं घालतो, पिलें लपवितो, तीं त्यांच्याच आडोशाला. गांवठी मासा परतला. त्यामागें पक्षीहि आले.

शेतकरी दादांनो, तुमच्या घरींहि रोवणी करणारी, बियाणें राखणारी बाईच ना? मग "तिला कळत नाहीं" म्हणण्यापूर्वीं तिला एकदां विचारा तरी! आणि बायांनो, कोणी विचारील म्हणून वाट पाहूं नका. पुढच्या ग्रामसभेला चला.