रणधुमाळीतला विनोद

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लढाईवर विनोदी चित्रपट काढावा की नाही, हा वाद जुना आहे. परक्या शत्रूची टवाळी केली तर सहसा कोणी हरकत घेत नाही. परंतु यादवीची गोष्ट निराळी. तिथे मेलेला प्रत्येक जण कोणाच्या तरी ओळखीचा, नात्यागोत्याचा असतो. मग हसायचे कोणाला? बस्टर कीटन नावाच्या अमेरिकन नटाने १९२६ साली या पेचात हात घातला. त्याच्या ‘द जनरल’ या मूकपटाविषयी आज थोडे बोलणार आहे.

‘जनरल’ म्हणजे सेनापती नव्हे बरे का. ते एका आगगाडीच्या इंजिनाचे नाव आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत उत्तर आणि दक्षिण यांच्यात घनघोर यादवी झाली. सहा लाखांहून अधिक माणसे त्यात मेली. १२ एप्रिल १८६२ रोजी उत्तरेचे वीसएक लोक वेष पालटून दक्षिणेतल्या जॉर्जिया प्रांतात शिरले आणि गाडीतली मंडळी न्याहारीला उतरली असताना हे इंजिन पळवून घेऊन निघाले. पूल जाळायचे, तारा तोडायच्या, असा त्यांचा बेत. गाडीचा गार्ड फुलर आधी चक्क पायी धावला, मग ढकलगाडीवर, मग मिळेल त्या इंजिनावर! सुमारे सत्त्याऐंशी मैलांवर त्याने त्यांना गाठले. पळवणाऱ्यांचा म्होरक्या अँड्र्यूज आणि त्याचे सात सोबती यांना पुढे फाशी झाली. मूळ हकीकत ही अशी आहे. हसण्याजोगे तिच्यात फारसे नाही.

कीटनने काय केले, तर पाठलाग ठेवला आणि पाठलाग करणारा बदलला. त्याचा जॉनी ग्रे हा इंजिनाचा ड्रायव्हर. त्याची प्रीती दोघांवर, एक ते इंजिन आणि दुसरी ॲनाबेल. युद्ध पुकारले जाते, ॲनाबेलचे वडील आणि भाऊ नाव नोंदवायला निघतात, आणि जॉनी त्यांच्याही आधी कचेरीत हजर! पण सैन्याला शिपायापेक्षा इंजिन हाकणारा अधिक हवा, म्हणून त्याला परत पाठवतात. कारण मात्र सांगत नाहीत. इकडे ॲनाबेलची समजूत होते की हा भ्याला. गणवेश अंगावर चढेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस, असे ती त्याला बजावते. तो खिन्न होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू लागते, दांडा त्याला वर नेतो, खाली आणतो, आणि त्याचा याला पत्ताच नसतो. हा प्रसंग जिवावरचा होता. चाक एकदम गरकन फिरते तर कीटन जिवंत राहता ना.

चित्रपटात हसू येते ते माणसे मरतात म्हणून नव्हे. शौर्याचा जो डौल असतो त्याची फजिती होते, म्हणून येते. जॉनी इंजिनासाठी लाकडे फोडण्यात इतका गढलेला असतो की त्याच्या पाठीमागून स्वतःचे सैन्य माघार घेत जाते, शत्रूचे पुढे येते, आणि याची कुऱ्हाड आपली चाललेली! पुढे त्याच्या हाती तलवार येते, तर तिचे पाते मुठीतून सारखे निसटते.

तरी एके ठिकाणी घास अडतो. शेवटच्या लढाईत तोफेजवळचे गोलंदाज लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने एकामागून एक पडतात, आणि जॉनी बुचकळ्यात पडून पाहत राहतो. पुढे त्याच्या तलवारीचे उडालेले पाते त्या नेमबाजालाच लागते. रॉबर्ट शेरवुड या टीकाकाराने तेव्हाच लिहिले की मरणारी माणसे पाहून हसू येणे कठीण. त्या प्रसंगापुरते मला त्याचे म्हणणे पटते. ते गोलंदाज कोणाचे तरी मुलगे आहेत, ही आठवण काही केल्या मनातून जात नाही.

आता ॲनाबेलचे काय? तिची थट्टा सगळी स्वयंपाकघराच्या अंगाची आहे. शत्रू पाठीशी लागलेला असताना ती इंजिनातला कचरा झाडते, भोक पडलेले लाकूड नको म्हणून टाकून देते आणि आगीत काडीएवढा तुकडा घालते. तो चिडून तिचा गळा धरतो, आणि लगेच मुका घेतो. मात्र तिनेच दोन झाडांना बांधलेल्या दोराला जॉनी हसतो, आणि पाठलागाची गाडी नेमकी त्याच दोरात अडकते. कीटनने हा न्याय केला, म्हणून मी त्याला निम्मी माफी देते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मूळ हकीकतीत धाडसी वीर उत्तरेचे होते. कीटनने नायक दक्षिणेचा केला. हरलेल्या दक्षिणेला खलनायक केलेले प्रेक्षकांना चालणार नाही, असे कारण त्याने पुढे दिले. धंद्याच्या दृष्टीने ते खरे असेल. पण दक्षिण लढत होती ती गुलामगिरी टिकवण्यासाठी, आणि या गोष्टीचा चित्रपटात उच्चारही नाही. आपल्याकडे जोतीराव फुल्यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांची सुटका केली त्यांना. पुण्यात बसून जोतीरावांना जे दिसले, ते कीटनला अमेरिकेत राहून दाखवावेसे वाटले नाही. जॉनीवर मी मनापासून हसते. पण तो ज्या निशाणासाठी धावतो त्याला टाळी द्यायला माझा हात उठत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातून नकळत फार खरी झाली. चित्रण ऑरेगन प्रांतात कॉटेज ग्रोव्हजवळ झाले. सैनिक म्हणून तिथल्या नॅशनल गार्डचे सुमारे पाचशे जवान घेतले होते. त्यांनी निळा गणवेश घालून उत्तरेचे म्हणून धावायचे, मग तो उतरवून राखाडी चढवायचा आणि दक्षिणेचे म्हणून उलट दिशेने धावायचे! यादवी म्हणजे आणखी दुसरे काय असते?

जळता पूल कोसळून इंजिन नदीत पडते, ते दृश्य नकली नाही. खरेच इंजिन पाडले आणि त्यापायी बेचाळीस हजार डॉलर गेले, असे सांगतात. एवढे करून १९२७ साली चित्रपट आपटला. टीकाकारांनी झोडपला, खर्च निघाला नाही, आणि पुढल्याच वर्षी कीटनला दुसऱ्याच्या कंपनीत करारावर जावे लागले. तिथे त्याच्या मनासारखे काम त्याला क्वचितच करता आले. १९८९ साली अमेरिकेने जतन करण्यासाठी चित्रपटांची पहिली राष्ट्रीय यादी केली, तीत मात्र ‘द जनरल’ होता. कीटन १९६६ सालीच गेला होता.

नदीत पडलेले ते इंजिन वर्षानुवर्षे तिथेच होते. लोक मुद्दाम पाहायला जात. मग दुसरे महायुद्ध आले, लोखंडाची टंचाई झाली, आणि ते बाहेर काढून भंगारात दिले गेले.