घाई नसलेली दीक्षा



वऱ्हाडाला बाईचा संन्यास नवा नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आपल्या सगळ्यांच्या माहितीचं. गोविंदप्रभूंसाठी जिने धवळे गायले ती महदंबा मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपल्याला ठाऊक असते, पण त्याआधी ती चक्रधरांच्या पंथातली संन्यासिनी होती. पायी विहार करत आलेल्या जैन साध्वी अकोल्यात, अमरावतीत आपण पाहतो आणि दीक्षेची मिरवणूक निघाली की रस्त्यावर थांबून हातही जोडतो. मात्र होली क्रॉस शाळेच्या फाटकाशी रोज मुलं सोडणारे आपण, आतली सिस्टर ही सिस्टर कशी झाली, हे कधी विचारत नाही. फी भरतो आणि परत फिरतो.

या होली क्रॉसवाल्या बायांचा संघ आजच्या फ्रान्समधल्या सव्हॉय भागातल्या शावानो नावाच्या खेड्यात १८३८ साली निघाला. फादर मेर्मिए आणि क्लोदीन एशेर्निए यांनी तो काढला. पुढे त्याच शतकात तो वऱ्हाडात पोहोचला. अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला तो फार नंतर, १९५५ साली. म्हणजे इथे बिशप येण्याच्या कितीतरी आधी सिस्टर आल्या होत्या.

माझा पेशा वकिलीचा. मी ख्रिस्ती नाही. तेव्हा ईश्वराची हाक कशी ऐकू येते, हे मी सांगायला जाणार नाही. ज्यांना आली त्यांनीच ते सांगावं. मी वकिलाच्या सवयीनं आधी कायद्याचं पुस्तक उघडलं. कॅथलिक चर्चची १९८३ची संहिता आहे, तिच्यात सिस्टर होण्याच्या प्रवासाची कलमं आहेत. आणि ती वाचताना सारखं जाणवत राहतं की हा कायदा उत्साही मुलीकडे जरा संशयानंच पाहतो. ये म्हणण्यापेक्षा थांब म्हणण्यावर त्याचा जोर आहे.

पहिली अट वयाची. सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नवदीक्षित म्हणून, म्हणजे त्यांच्या भाषेत नॉव्हिस म्हणून, घेता येत नाही. विवाहबंधन कायम असलेली बाई चालत नाही. बाप्तिस्म्याचा, दृढीकरणाचा दाखला लागतो. तब्येत, स्वभाव, समज पुरेशी आहे का, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यांवर. आणि मग ते कलम येतं, ज्यासाठी मी ६४३ हा आकडा पाठ केला: जबरदस्ती, मोठी भीती किंवा फसवणूक यांच्या दबावाखाली झालेला प्रवेश मुळातच अवैध. आपल्या १८७२च्या करार कायद्यातही संमती मोकळी हवी असं म्हटलंय, पण तिथे असा करार पीडित पक्षाच्या मर्जीनं रद्द करता येतो. इथे रद्द करण्याचा प्रश्नच नाही, प्रवेश झालाच नाही असं धरतात. हे एकाएकी सुचलेलं नव्हे. युरोपात घराणी लग्नाचा हुंडा वाचवायला मुली मठात लोटत. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं मुलीची इच्छा तपासण्याचं काम बिशपवर टाकलं आणि बळजबरी करणाऱ्याला थेट शाप ठेवला.

आता पायऱ्या. मुलगी आधी येऊन राहून बघते. काही महिने, कुठे एखादं वर्ष. या काळात तिला अ‍ॅस्पिरंट म्हणतात. मग पोस्टुलंट. हे दोन टप्पे प्रत्येक संघ आपापल्या नियमानं ठरवतो, म्हणून त्यात फारसा वेळ घालवत नाही. खरी परीक्षा नॉव्हिशिएटची. किमान बारा महिने, त्याच ठरलेल्या घरात. पंधरा दिवसांहून जास्त गैरहजर राहिली तर ते दिवस भरून द्यायचे. तीन महिन्यांहून जास्त झाले तर सगळं वर्षच बाद. आमच्या कॉलेजांनी हजेरीचा नियम इतक्या कसोशीनं पाळला असता तर अर्धे वकील झालेच नसते. या काळात तिनं शाळा चालवायची नसते की दवाखाना. प्रार्थना, अभ्यास, स्वयंपाक, बाग आणि चोवीस तास इतर बायांची संगत. मला वाटतं, शेवटचंच सर्वांत कठीण असावं. आणि नॉव्हिस कधीही निघून जाऊ शकते, कारण न देता.

त्यानंतर पहिली व्रतं: ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. तीही कायमची नाहीत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, क्वचित वाढवून नऊ. मुदत संपली की ती जाऊ शकते. योग्य कारण असेल तर संघही पुढची व्रतं नाकारू शकतो. एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय अखेरची व्रतं नाहीत. मदर तेरेसा १९२८ साली लोरेटो संघात गेल्या आणि त्यांची अखेरची व्रतं झाली १९३७ साली. बंदिस्त मठातल्या, बाहेर न पडणाऱ्या मठवासिनींसाठी तर रोमनं २०१८ साली हा सगळा काळ किमान नऊ वर्षांचा ठरवून दिला. आपल्याकडे मुलगी बघण्यापासून अक्षतांपर्यंत किती दिवस जातात, ते तुम्हीच मोजा.

या विषयावर बोलणार म्हटल्यावर आमच्या शेजारच्या आजींनी विचारलं, "पोरगी तिकडे देल्ली म्हंजे मायबापाले काई भेटते का, वकीलसाहेब?" प्रश्न भाबडा नाही. इतिहासात पैसा उलट्या दिशेनं गेला आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा प्रचंड मठ आहे, १६०६ साली सुरू झालेला. तिथे जाणारी श्रीमंत मुलगी हुंडा घेऊन जायची. इतका, की गोव्याच्या नगरसभेनं राजाकडे तक्रार केली: मुली आणि त्यांचे हुंडे मठात जातात, लग्नाला उरत नाहीत! देशी मुलींना दार उघडलं तरी बहुधा खालच्या दर्जानं. आज त्याच वास्तूत १९६४ पासून मातेर देई ही सिस्टरांना धर्मशास्त्र शिकवणारी संस्था चालते आणि देशभरातल्या मुली तिथे येतात. हुंड्याचा नियमही १९८३च्या संहितेत उरला नाही. आजींना मी सांगितलं, मायबापाला काही मिळत नाही.

पण मुलीच्या मालमत्तेचं काय होतं, ते वकिलानं सांगायलाच हवं. पहिल्या व्रतांआधी ती आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवते. बहुतेक संघांत मालकी राहते, वहिवाट जाते. निदान अखेरच्या व्रतांआधी मृत्युपत्र करायचं, आणि ते देशाच्या कायद्यात टिकणारं हवं. म्हणजे आपल्याकडे १९२५च्या वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार आलेच. पुढे ती जे कमावेल ते संघाचं. अनुदानित शाळेतल्या सिस्टरचा पगार ती स्वतःकडे ठेवत नाही, संघाकडे देते. मग त्यावर आयकर कापायचा का? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल लागला: कापायचा. पगार तिच्या नावानं निघतो, पुढे ती तो कुणाला देते हा तिचा प्रश्न. मला निकाल बरोबर वाटतो. सरकारच्या लेखी ती एक नागरिक आहे, हे त्यानं मान्य केलं.

दारिद्र्यापेक्षा आज्ञापालन अवघड. अकोल्यात वर्षानुवर्षं शिकवलेल्या सिस्टरला एक पत्र येतं आणि नव्या वर्षी ती दुसऱ्याच राज्यात असते. आज्ञापालन म्हटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्या इंग्लंडात वाँटेज इथे अँग्लिकन सिस्टरांकडे राहिल्या, १८८३ साली तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्या सिस्टर झाल्या नाहीत. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले, ते पुन्हा मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट कळवलं. मी रमाबाईंच्या बाजूचा माणूस आहे, हे लपवत नाही. तरी जी बाई आठ-नऊ वर्षं विचार करून तेच जोखड उचलते, तिला भोळी म्हणण्याची माझी तयारी नाही.

माझा आक्षेप आहे तो पुढच्या टप्प्याला. अखेरच्या व्रतांपर्यंत जी दारं उघडी ठेवली, ती नंतर अरुंद होतात. पाच वर्षांपर्यंत बाहेर राहण्याची परवानगी संघाच्या प्रमुख देऊ शकतात. कायमचं सुटायचं तर अर्ज बिशपकडे, आणि संघ रोमच्या अखत्यारीतला असेल तर रोमकडे. तेही समजू शकतो. पण कलम ७०२ म्हणतं, निघून जाणारीला केलेल्या कामाचा मोबदला मागता येणार नाही. संघानं तिच्याशी न्यायानं आणि दयेनं वागावं. पंचेचाळिसाव्या वर्षी हातात पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभ्या राहिलेल्या बाईला दयेवर सोडायचं? तिनं वीस वर्षं तुमची शाळा चालवली आहे. प्रवेशाच्या वेळी दिवसांचा हिशोब ठेवणाऱ्या कायद्यानं निघतानाच्या रुपयांचाही ठेवावा. प्रत्येक संघाच्या नियमावलीत सेवेच्या वर्षांप्रमाणे रक्कम लिहिलेली असावी आणि ती मुलीला पहिल्या व्रतांच्या आधी, मालमत्तेच्या कागदासोबतच, वाचून दाखवावी.