काम मागण्याचा हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मोठ्या संकटातून समाज पुन्हा उभा कसा राहतो, या विषयावर बोलायला आम्हाला सांगितले आहे. त्यासाठी जपान-जर्मनीला जायची गरज नाही. आपल्या आयाबायांनी ज्यात खडी फोडली, तो बहात्तरचा दुष्काळ पुरेसा आहे.

१९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या, जनावरे मातीमोलाने विकली गेली. रेशनवर तांबडा मिलो, कामावर सुकडी. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ज्यांच्या बांधावर आपण राबलो, त्या घरच्या सुनासुद्धा डोक्यावर घमेलं घेऊन आपल्या शेजारी आल्या. पोटाने सगळ्यांना एका रांगेत आणले. पाण्याच्या पिंपाशी मात्र पुष्कळ ठिकाणी रांग जुनीच राहिली, हेही सांगितले पाहिजे.

पण १८७६-७८ च्या दुष्काळासारखे लाखोंनी बळी गेले नाहीत. असे का झाले? दुष्काळी कामे तर इंग्रजांच्या राज्यातही निघत. फरक असा, की तेव्हा दुष्काळ आहे की नाही ते साहेब ठरवायचा. त्याने जाहीर केला तर काम, नाहीतर मरा. बहात्तरला सरकार आपले होते आणि लोकांच्या हाती मत होते. शिवाय लोक गप्प बसले नाहीत. वेळेवर मजुरी मिळावी म्हणून मजुरांनी मोर्चे काढले, कामे बंद पाडली. त्यात बायका पुढे होत्या.

आमच्या मते खरी कमाई त्यानंतरची आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात 'मागेल त्याला काम' हा प्रयोग केला होता. दुष्काळ सरल्यावर ती कल्पना गुंडाळून न ठेवता १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता दुष्काळ कोण जाहीर करणार? मजूर! त्याने नमुना ४ चा अर्ज भरून अंगठा उठवला, की १५ दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकाच मापाने दाम. भीक आणि हक्क यांतला फरक बाबासाहेबांच्या लेकरांना आम्ही काय समजावून सांगावा?

पैसा आला कुठून? इथे बसलेल्या नोकरदारांच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ पासून याच कामासाठी सुरू झाला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. शहराने गावासाठी दिलेला हा वाटा आहे, म्हणून पगारपत्रक बघून कुरकुर करू नका! पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्याचा पाया हाच.

सगळेच गोड झाले असे नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन् महिने रखडली. आणि एक दुखणे फार मोठे. पाझर तलाव खोदला भूमिहीनांनी, पण पाझर गेला ज्याची विहीर होती त्याच्याकडे. तलाव झाला, मजुरी संपली, खोदणारा पुन्हा रिकामाच.

या दुखण्यावर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उपाय काढला. बहात्तरच्याच दुष्काळात ते तिथे गेले आणि नायगावात राहून त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा.